आराखडा ‘सामायिक’ केला की ‘वाटला’?

प्रश्न : कार्यालयात प्रकल्पाचा प्लॅन सहकाऱ्यांना शेअर करतात आणि बैठकीसाठी त्याच्या प्रिंट काढतात. मराठी टिपणात मी हेच ‘प्रकल्प योजना सामायिक करून मुद्रित करण्यात आली आहे’ असे लिहिले. वाक्य व्याकरणाला धरून आहे, तरीही वाचताना अडखळायला होते. यात नेमके काय खटकते?

उत्तर : आपल्या वाक्यातले तीनही मुख्य शब्द तपासून पाहण्यासारखे आहेत, पण खरी अडचण ‘सामायिक’ या शब्दापाशी आहे, म्हणून ‘योजना’ आधी थोडक्यात उरकतो. पंचवार्षिक योजना म्हणताना हा शब्द नियोजनाचा अर्थ देतो आणि शिष्यवृत्तीची योजना म्हणताना सवलतीच्या तरतुदीचा. ‘प्रकल्प योजना’ वाचणाऱ्याच्या मनात क्षणभर हा दुसरा अर्थ डोकावतो. कोणते काम कोणी, कधी सुरू करायचे आणि कधी संपवायचे याची मांडणी सांगायची असेल तर ‘आराखडा’ हा शब्द नेमका बसतो. (घराच्या प्लॅनला मात्र आपण नकाशाच म्हणतो.)

आता ‘शेअर करणे’. या एका क्रियापदात मराठीने वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी एकत्र येतात. जमिनीच्या व्यवहारातली भाषा आठवून पाहा : वाटणी झालेली नसते तोवर जमीन सामायिक असते, आणि वाटणी झाली की ती सामायिक राहत नाही. सामायिक विहीर एकच असते आणि तिच्यावर सर्वांचा हक्क असतो. म्हणजे ‘वाटणे’ आणि ‘सामायिक असणे’ हे आपल्या भाषेत जवळजवळ विरुद्धार्थी आहेत. त्यामुळे संगणकावरची एकच फाइल सर्वांनी उघडायची आणि एकाने केलेला बदल सर्वांना दिसायचा, अशी व्यवस्था असेल तर तो आराखडा सामायिक आहे. प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र कागद किंवा स्वतंत्र फाइल दिली असेल, तर आराखड्याच्या प्रती वाटल्या आहेत. येथे ‘प्रती’ हा शब्द गाळता येत नाही, कारण ‘आम्ही आराखडा वाटून घेतला’ याचा अर्थ प्रत्येकाने त्याचा एकेक भाग उचलला असा होतो.

हा भेद केवळ शब्दांपुरता नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एकदा मी एका सहकाऱ्यांना ‘आराखडा पाठवला आहे’ असे कळवले. पाठवला होता तो मूळ फाइलचा दुवा. ‘पाठवला’ म्हटल्यावर आपल्याला स्वतंत्र प्रत मिळाली, असे त्यांनी समजणे स्वाभाविकच होते. स्वतःपुरता अंदाज बांधण्यासाठी त्यांनी चाचणीची तारीख १४ची २१ केली, आणि दुपारपर्यंत इतर चौघांनी आपापली कामे आठवडाभर पुढे ढकलली होती. मी ‘मूळ आराखडा आपल्यासाठी खुला केला आहे’ असे लिहिले असते, तर त्यांनी त्याला हात लावण्यापूर्वी नक्कीच विचारले असते.

शंका : भेद पटला, परंतु ‘सामायिक करणे’ हे दस्तऐवजातल्या भाषेसारखे जड वाटते. रोजच्या निरोपात काय लिहावे?

उत्तर : विशेषण म्हणून ‘सामायिक आराखडा’ सहज वाचले जाते, जडपणा येतो तो त्याला ‘करणे’ जोडल्यावर. रोजच्या निरोपात ‘आराखडा सर्वांसाठी खुला केला आहे’ पुरेसे आहे, आणि कोणाला काय करण्याची मुभा आहे हे सांगण्यासाठी ‘पुरता’ हा प्रत्ययासारखा जोडला जाणारा शब्द हाताशी आहेच : ‘पाहण्यापुरता खुला’, ‘शेरे लिहिण्यापुरता खुला’. तोंडी बोलताना ‘शेअर केला’ म्हणण्यात मला काहीही गैर वाटत नाही. लिहिताना मात्र मूळ दिले की प्रत, हे वाचणाऱ्याला कळलेच पाहिजे.

‘मुद्रित करणे’ आणि ‘छापणे’ यांत पुष्कळ प्रती निघण्याचा आणि मजकूर प्रसिद्ध होण्याचा भाव आहे. बातमी छापून येते, पुस्तक मुद्रित होते. बैठकीपुरत्या चार प्रती आपण ‘काढतो’, जशी नक्कल काढतो किंवा छायाप्रत काढतो. म्हणून ‘आराखड्याच्या छापील प्रती काढल्या’ हे सरळ आहे, आणि ‘प्रिंट काढल्या’ हेही तितकेच रुळलेले आहे. कामांच्या आडव्या पट्ट्या दाखवणारा गँट तक्ता २१० × २९७ मिलिमीटरच्या ए४ कागदावर बहुधा मावत नाही. तेव्हा ‘तक्ता त्याच्या दुप्पट आकाराच्या ए३ कागदावर आडवा बसवून प्रत काढावी’ असे लिहावे. येथे ‘बसवणे’ हे क्रियापद इतके चपखल आहे की दुसरे शोधण्याची गरज नाही.

शंका : छापील प्रतीवर ‘अंतिम’ असा शिक्का मारण्याची पद्धत योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. ‘अंतिम’ म्हणजे यापुढे बदल होणार नाही, आणि चालू प्रकल्पाच्या आराखड्याबद्दल तसे वचन सहसा कोणी देऊ शकत नाही. आपल्याला म्हणायचे असते ‘आतापर्यंतची ताजी’, म्हणजे अद्ययावत. शिवाय अद्ययावत असते ती आवृत्ती. एकाच आवृत्तीच्या दहा प्रती निघू शकतात, आणि ‘माझ्याकडे नवी प्रत आहे’ म्हणणाऱ्याजवळ कोऱ्या कागदावर काढलेली जुनी आवृत्तीही असू शकते. मी पानाच्या तळाशी एवढेच लिहितो : ‘आवृत्ती ५. ही प्रत ९ तारखेला सकाळी ११ वाजता काढली आहे. त्यानंतरचे बदल सामायिक आराखड्यात पाहावेत.’