अनुभव धागा: मोहाच्या घडीला देवावर भिस्त ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे?

जे चांगले करावेसे वाटते ते होत नाही, नको तेच हातून घडते, असे प्रेषित पौल बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात लिहितो. ही ओढाताण रोजचीच. ‘विश्वास ठेवा’ एवढेच नको. करून पाहिलेले लिहा.

पाळकीय सेवेतून
मोहात पडण्यापेक्षा पडल्यानंतर देवाशी धरलेला अबोला जास्त घात करतो. ‘आधी चार दिवस नीट वागतो, मग प्रार्थनेला बसतो’ असे ठरवले की भिस्त पुन्हा स्वतःच्याच वागण्यावर आली. त्याच तासाला 51वे स्तोत्र मोठ्याने वाचा. क्रम बघा: 1-2 मध्ये दयेची याचना, 3-6 मध्ये पापाची कबुली, 7-12 मध्ये शुद्ध हृदयाची मागणी, आणि 13 पासून इतरांना वाट दाखवणे. ‘पुन्हा कधीच करणार नाही’ अशी शपथ त्यात कुठेही नाही. कबुली मोघम नको. ‘मी पापी आहे’ म्हणणे सोपे असते. ‘मी अमुक गोष्ट लपवली, अमक्याला खोटे सांगितले’ असे म्हणा. ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाईही त्याच दिवशी सुरू करा.

आत्मपरीक्षण शिकवणाऱ्या भगिनी
जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीत पाच पायऱ्या आहेत: आभार, प्रकाशाची याचना, दिवसाचा तासातासाने आढावा, क्षमायाचना, सुधारणेचा निश्चय. बहुतेकजण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात आणि मग आढाव्याची स्वतःवरची फिर्याद होते. आभार आधी आहेत ते उगीच नाही. पंधरा मिनिटे पुरतात. निश्चय एकच असू द्या, आणि तोही उद्यापुरता.
ज्यांना तीच कबुली दिवसातून दहादा केल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी मात्र हा आढावा एकट्याने वाढवू नये. एकाच अनुभवी मार्गदर्शकाचे ऐकावे, गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडेही जावे.

व्यसनमुक्ती गटातील सोबती
भूक, राग, एकटेपणा, थकवा. मोह बहुधा यांच्यापैकी एकाच्या मागून येतो. संदेष्टा एलीया मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून खायला-प्यायला दिले (1 राजे 19). म्हणून प्रार्थना करा, जेवा, झोपा आणि सोबत्याला फोन करा. याकोब 5:16 एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगते. सोबती एकच ठेवा, गुपित राखणारा, आणि मोहात पडण्याआधीच त्याला फोन करा.
रोज भरपूर दारू पिणाऱ्याने केवळ प्रार्थनेच्या बळावर ती अचानक बंद करू नये. झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडणे हा अविश्वास नाही.

प्रार्थनागटातून
ऐन मोहात लांब प्रार्थना सुचत नाही. 5व्या शतकात जॉन कॅसियन या मठवासी लेखकाने 70व्या स्तोत्राचे पहिले वचन सतत ओठांवर ठेवायला सांगितले: देवा, साहाय्याला धाव. एक वाक्य शांत वेळी पाठ करा, म्हणजे अडचणीत आपोआप येते. आणि ते म्हणत म्हणत जागा सोडा. तिथेच बसून म्हणत राहिल्याने ओढ उलट वाढते.

पाळकीय सेवेतून, पुन्हा
एक राहिले. पौलाने आपल्या देहातला ‘काटा’, म्हणजे सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे एवढे उत्तर मिळाले (2 करिंथ 12). त्यामुळे ‘अजून ओढ वाटते, म्हणजे विश्वास कमी’ असे कुणाला सांगू नका. ओढ वाटणे आणि तिला होकार देणे या दोन गोष्टी आहेत. कबुली दुसऱ्या गोष्टीची करायची.