मे मधलं लग्न, दुपारचा मुहूर्त, नवरा-नवरीच्या हाराला कुठली फुलं घ्यावीत?

सांगलीची_धाकटी:
ताईचं लग्न मे मध्ये आहे सांगलीत, मुहूर्त १२.३५ चा, हॉल एसी नाही. फुलांचं सगळं माझ्या गळ्यात पडलंय. ताईला मोबाईलवर बघून बघून फिकट गुलाबी कार्नेशन आणि पांढरे ऑर्किडच हवेत, आई म्हणते गुलाब-गुलछडीच्या हाराशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही, आणि दाजी साताऱ्याचे, त्यांचा निरोप आलाय की हार जड नको आणि उग्र वासाच्या फुलांनी शिंका येतात. शालू मोरपिशी, काठ सोनेरी. फुलवाल्याला नक्की काय सांगू?

मिरजेचा_गडी:
आधी ऊन बघा मग रंग. मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, जरबेरा तर दुपारपर्यंत मान टाकतो, कितीबी तार घाला. ऑर्किड चांगलं तग धरतं. कार्नेशनपण टिकतं, फक्त लग्नघरात आंब्याच्या पेट्या असणारच, त्या खोलीत हार ठेवू नका. पिकणाऱ्या आंब्यातनं इथिलीन वायू सुटतो, त्यानं कार्नेशनच्या पाकळ्या मिटतात, ऑर्किडपण लवकर सुकतं. फळं ठेवलेल्या फ्रीजमध्येबी तेच.

कऱ्हाडची_काकू:
अगं मे महिना आणि मोगऱ्याचं नाव कुणीच घेईना! ऐन हंगाम आहे त्याचा. शेवंतीच्या मागे लागू नका, ती थंडीतली. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी तोडतात आणि त्या संध्याकाळी उमलतात, म्हणजे मुहूर्ताला गजरा कळीत असेल आणि रिसेप्शनला घमघमेल. केळीच्या पानात गुंडाळून वरनं ओलं फडकं ठेव, बास. आणि मोरपिशी शालूवर फिकट गुलाबी काय उठून दिसणार? अबोलीचा केशरी घाल मध्ये मध्ये, वास नाही त्यामुळे दाजींचीपण तक्रार नाही. फक्त अबोली हलकी असते, गुंफायला वेळ लागतो, फुलवाल्याला आधीच सांगून ठेव.

सातारचा_पाव्हणा:
नवरदेवाच्या बाजूनं बोलतो. ऑर्किडचे पराग चिकट गोळ्यासारखे असतात, हवेत उडत नाहीत, शिंकेवाल्याला ते बरं. लिली अजिबात नको, वासही उग्र आणि पिवळे पराग शेरवानीला लागले की डाग जाता जात नाही. दुसरं म्हणजे फेटा आणि मुंडावळ्या बांधल्यावर हार वरनं जाणार का ते कुणी बघतच नाही, ऐनवेळी फेटा वाकडा होतो आणि फोटोत तेच दिसतं. मागं दोरीनं बांधायचा हार करून घ्या. शिवाय मित्रमंडळी नवऱ्याला उचलून धरणारच, त्या ओढाताणीत गुलाबाच्या जाड हाराच्या पाकळ्या स्टेजभर होतात. आणि सातारकर म्हणून कुणीतरी कासच्या फुलांची थीम सुचवेलच, त्याला सांगा तिथं फुलं तोडायला बंदी आहे आणि मे मध्ये तिथं बहरही नसतो.

सांगलीची_धाकटी:
भारी, ऑर्किड-अबोली ताईला पटलं बरं का! मोगऱ्याचा गजरा तिच्या एकटीच्या केसात. पण आईची गुलछडी? ती रुसून बसलीये.

कऱ्हाडची_काकू:
मांडवाच्या दाराला लाव की भरपूर, आणि देवकाच्या पूजेला. स्टेजजवळ मात्र नको, नाहीतर मंगलाष्टकं चालू असताना दाजी शिंकत बसतील.