मदत हवी आहे: ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या कॉमेंट्स डॉक्युमेंटेशनमध्ये येतच नाहीत

अनिकेत_डी
लोकहो, जरा अर्जंट आहे. लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या कॉमेंट्स सुधारायचं काम घेतलंय. स्ट्रक्टच्या (सी भाषेतला व्हेरिएबल्सचा गट) सगळ्या मेंबर्सना ॲट (@) लावून वर्णन लिहिलं, दोन स्टारवाली (/**) कॉमेंट केली, तरी बिल्ड केलं की "नॉट डिस्क्राइब्ड" ची वॉर्निंग येतेच, आणि एचटीएमएल काढलं तर त्यात माझ्या फंक्शनचं नावसुद्धा नाही. डोकं फिरलंय. लवकर सांगा, पॅच (कोडमधला बदल) पाठवायचाय.

टर्मिनलवाला
कुठला ड्रायव्हर? फाईल डॉट सी आहे की डॉट एच? कशाने बिल्ड केलंस? वॉर्निंग पूर्ण टाक, अर्ध्या वाक्यावरून काय सांगणार.

निलेश_०७
एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकल्यावर काळी स्क्रीन येत असेल तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करून बघा, माझं त्यानेच झालं.

अनिकेत_डी
निलेशभाऊ, एनव्हिडियाचा काही संबंध नाही यात. ड्रायव्हर वीकेएमएस (खऱ्या हार्डवेअरशिवाय चालणारा व्हर्च्युअल डिस्प्ले ड्रायव्हर), फाईल डॉट सी, मेक डब्ल्यू=१ ने (जादा वॉर्निंग दाखवून) बिल्ड केलं. "नॉट डिस्क्राइब्ड" सोबत "एक्सेस (excess, म्हणजे जादा) स्ट्रक्ट मेंबर" असंही येतंय, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

टर्मिनलवाला
अरे तीच तर मेन गोष्ट! स्ट्रक्टच्या आत स्ट्रक्ट आहे का?

अनिकेत_डी
हो, आहे एक. आत कॉपीसाठीचे एक्स, वाय वगैरे आहेत.

टर्मिनलवाला
मग झालं. आतल्या स्ट्रक्टला नाव असेल तर नुसतं ॲट एक्स चालत नाही, बाहेरचं नाव, मग डॉट, मग आतलं नाव असं पूर्ण लिहावं लागतं. आतल्याला नावच नसेल तर नुसतं एक्स चालतं. तुझ्या केसमध्ये कॉमेंट तपासणाऱ्या कर्नल-डॉक स्क्रिप्टला डॉटवाला मेंबर हवा होता तो मिळाला नाही म्हणून एक वॉर्निंग, आणि तू लिहिलेला एक्स तिला कुठे सापडला नाही म्हणून दुसरी. दर वेळी अख्खं कर्नल बिल्ड करू नकोस, ही कर्नल-डॉक स्क्रिप्ट त्या एकाच फाईलवर मायनस नन (-none, म्हणजे फक्त वॉर्निंग दाखव) देऊन चालव, दोन सेकंदात कळतं. पूर्वी ती पर्लमध्ये होती, २०२५ मध्ये पायथनमध्ये नव्याने लिहिली.

जुना_सी_वाला
मला एक कळत नाही, एवढ्या कॉमेंट्स लिहायच्याच कशाला? व्हेरिएबलला नीट नाव द्या, फंक्शन छोटं ठेवा, कोड आपोआप वाचता येतो. कॉमेंट जुनी होते आणि खोटं बोलायला लागते.

मेधा_के
काका, ग्राफिक्समध्ये नावावरून कळत नाही हो. डीआरएमच्या (लिनक्सची ग्राफिक्स यंत्रणा) प्लेन स्टेटमध्ये (प्लेन म्हणजे स्क्रीनवर दाखवायच्या चित्राचा एक थर) एसआरसी_एक्स (मूळ चित्रातली जागा) आणि सीआरटीसी_एक्स (स्क्रीनवरची जागा) एकाच स्ट्रक्टमध्ये जवळजवळ बसलेत. दुसरा साधा पूर्ण पिक्सेल, तोही साइन्ड (उणे चालणारा), कारण प्लेन डाव्या कडेच्या बाहेर जाऊ शकतं. पहिला मात्र १६.१६ फिक्स्ड पॉइंट, वरचे १६ बिट पिक्सेल आणि खालचे १६ अपूर्णांक. म्हणजे १०० पिक्सेल असतील तर आत आकडा ६५,५३,६०० असतो. हे नावात कसं कोंबणार? डिस्प्ले मोडमधला क्लॉक किलोहर्ट्झमध्ये असतो, तो कोणी हर्ट्झ समजून वापरला तर हजारपटीचा घोळ. तसंच ॲटॉमिक चेकमध्ये (नवी डिस्प्ले सेटिंग चालेल का ते तपासणारं फंक्शन) हार्डवेअरला हात लावायचा नाही, कारण युजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्राम) नुसती टेस्ट म्हणूनही तो कॉल करू शकते. हा नियम कोड बघून कोणाला दिसणार? कॉमेंट जुनी होते हे खरं, पण म्हणूनच ती कोडच्या डोक्यावर ठेवतात आणि एकाच पॅचमध्ये दोन्ही बदलतात.

अनिकेत, तुझ्या कॉमेंट्स एकदा टाक ना इथे. मला शंका आहे की "ॲट प्लेन: द प्लेन" टाइप असतील, तशा लिहिल्या तर वॉर्निंग जाते पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

डॉक्स_रोहन
डॉक्सिजन (कॉमेंट्समधून डॉक्युमेंटेशन काढणारं टूल) वापरा की, कॉल ग्राफ (कोणतं फंक्शन कोणाला बोलावतं त्याचा नकाशा) पण फुकट मिळतो.

टर्मिनलवाला
रोहन, कर्नलमध्ये नाही चालत ते. २०१६ मध्ये कर्नल ४.८ पासून स्फिंक्स (डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं टूल) आलं आणि कॉमेंटचा फॉरमॅट कर्नल-डॉकचाच आहे. डॉक्सिजनचे टॅग टाकून पॅच पाठवला तर परत येणार.

वैशाली_कोल्हापूर
मुळात ही डॉक्युमेंटेशन मराठीत का नाही? चायनीज, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश सगळ्यांचे फोल्डर आहेत ट्रान्सलेशन्समध्ये. आपण चार जण मिळून सुरू करूया का?

टर्मिनलवाला
ताई, नक्की करू, मी येतो. पण वेगळा धागा काढा प्लीज, इथे त्याचं अडलंय.

अनिकेत_डी
डॉट लावल्यावर दोन्ही वॉर्निंग गेल्या!! पण एचटीएमएलमध्ये अजून काहीच नाही. स्फिंक्सडर्स=जीपीयू देऊन (फक्त जीपीयू फोल्डरसाठी) मेक एचटीएमएलडॉक्स केलं, क्लीन करूनही केलं.

मेधा_के
क्लीन करून काही होणार नाही. कॉमेंट लिहिली म्हणजे ती पानात आपोआप येत नाही, आरएसटी फाईलमधून (स्फिंक्स ज्यावरून पान बनवतं ती टेक्स्ट फाईल) ती ओढून घ्यावी लागते. डॉक्युमेंटेशनच्या जीपीयू फोल्डरमध्ये वीकेएमएसची आरएसटी उघड, त्यात ड्रायव्हरच्या मुख्य फाईलमधला फक्त वरचा "डॉक" ब्लॉक घेतलेला दिसेल. तुझ्या फाईलसाठी कर्नल-डॉकची एक ओळ वाढव आणि खाली इंटर्नल लिही. एक्सपोर्ट लिहू नकोस, ते फक्त एक्सपोर्ट सिम्बॉल केलेली (इतर मॉड्यूल्सना वापरायला खुली केलेली) फंक्शन्स घेतं, तुझी तशी नाहीत.

अनिकेत_डी
आलं! सगळं दिसतंय. मेधाताई, टर्मिनलवाला, मनापासून आभार. आता आरएसटीचा बदल त्याच पॅचमध्ये घालू की वेगळा?

टर्मिनलवाला
वेगळा, पण एकाच सिरीजमध्ये. गेट मेंटेनर स्क्रिप्ट चालवून पॅच कोणाला पाठवायचा ते पत्ते घे, चेकपॅच (पॅचची शैली तपासणारी स्क्रिप्ट) चालव आणि गिट सेंड-ईमेलनेच पाठव, जीमेलच्या वेबवरून पाठवलंस तर टॅबच्या जागी स्पेस होतात आणि पॅच लागतच नाही.

मेधा_के
आणि पाठवायच्या आधी त्या एक्स, वायच्या कॉमेंटमध्ये पिक्सेल की १६.१६ ते लिही. अजून तू आम्हाला कॉमेंट्स दाखवल्या नाहीस.