विषय मुलांचा, तर पहिली टिपणेही त्यांच्याच भाषेत

प्रकल्पाचा विषय मुलांनी निवडावा, मात्र सारे लेखन शाळेच्या दुसऱ्या भाषेतच व्हावे, या सूचनेचा पहिला भाग मला मनापासून पटतो, दुसरा नाही. बोलण्यापुरती भाषा लवकर येते, पण अभ्यासाची भाषा आत्मसात व्हायला साधारण ५ ते ७ वर्षे लागतात, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९८१ मध्येच कॅनडातील स्थलांतरित मुलांबाबत दाखवले होते. मुंग्यांची रांग न्याहाळणारी मुलगी ‘साखर सोडून या मेलेल्या माशीकडे का वळल्या?’ असे वहीच्या कडेला घरच्या भाषेत खरडते, तेव्हा तिला तिथे अडवू नये. दुसऱ्या भाषेतली मांडणी मागाहून, शिक्षकांच्या मदतीने करता येते. त्यासाठी वेळापत्रकातच सलग दोन तासिका हव्यात, कारण शाळा सुटल्यावरच्या उपक्रमांना बसने जाणारी मुले थांबूच शकत नाहीत.