जीभीच्या लाकडी घरात पहिला दिवस: काय बघून घ्यायचं? (सल्ला हवाय)

केतकी_कोथरूड:
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जीभीला चाललोय (हिमाचल, बंजारच्या पुढे). मी, नवरा, सहा वर्षांचा लेक आणि सासूबाई. दिल्लीहून मनालीची व्होल्वो, औटला उतरायचं, पुढे टॅक्सी. फिरायचं काय ते यूट्यूबवर रग्गड आहे, जालोरी पास, सेरोलसर तलाव सगळं पाठ झालंय. माझा प्रश्न वेगळाच आहे. नवऱ्याने हौसेने लाकडी घर बुक केलंय, रस्त्यापासून थोडं वर, हीटर नाही, खोलीत लाकडं जाळायचा तंदूर आहे म्हणे. आमच्या घरात गॅसच्या लायटरपलीकडे कुणाला काही पेटवता येत नाही. तर पोचल्या पोचल्या काय बघून घ्यायचं आणि काय न्यायचं? सासूबाईंचे गुडघे धरून सांगा.

वाटसरू_अंबरनाथ:
व्होल्वो औटला भल्या पहाटे सोडते, काळोख असतो आणि थंडी मरणाची. कंडक्टरला रात्रीच सांगून ठेवा की औटच्या बोगद्याच्या अलीकडे उतरायचंय, नाहीतर झोपेत पलीकडे निघून जाल. टॅक्सी आधीच ठरवा. सकाळीच पोचाल म्हणून घरमालकाला लवकर खोली द्याल का विचारून ठेवा. आणि त्या दिवशी जालोरी वगैरे अजिबात नको, पास १०,००० फुटांच्या वर आहे, रात्रभर घाटात हिंदकळलेलं पोर तिथे ओकणार हे लिहून घ्या.

सुगरण_चंदीगड:
तंदूरचं मी सांगते, आमच्याकडे दर हिवाळ्यात कुणी ना कुणी पाहुणे धुरात खोकत बसतात. तंदूर म्हणजे रोट्यांचा नव्हे हं, खोलीच्या मधोमध पत्र्याची शेगडी आणि तिचा पाइप छपरातून बाहेर. मालकाला एकदा समोर पेटवायला लावा आणि नवऱ्याला बघत उभं करा, नुसतं ऐकून कळत नाही. पाइपात एक झडप असते, पेटवताना ती पूर्ण उघडी हवी. आधी चीडच्या तेलकट ढलप्या, त्या कागदापेक्षा भराभर पेट घेतात, मग बोटाएवढ्या काटक्या, आणि ओंडका शेवटी. लोक पहिल्यांदाच ओंडका कोंबतात आणि मग फुंकत बसतात. धूर खोलीत उलटला तर पाइप अजून गार आहे समजा, जळता कागद पाइपाच्या तोंडाशी धरा, एकदा पाइप तापला की तोच धूर ओढून घेतो. लाकडं दुपारीच आत आणून ठेवा, बाहेर दवाने ओली होतात. लाकडाचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लावतात, भाव आधीच विचारा.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: झोपताना निखारे धगधगत असताना झडप बंद करायची नाही, खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, आणि कोळशाची शेगडी कुणी प्रेमाने आणून दिली तरी बंद खोलीत घ्यायची नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, झोपेतच जीव जातो. दर थंडीत अशा बातम्या येतात. लेकाला पाइपापासून लांब ठेवा, तो लाल दिसत नाही पण चटका जबरदस्त बसतो.

खवचट_काका:
"लाकडी घर" म्हणजे नक्की काय ते फोटोत बघितलंत का? जुनी काठकुणी घरं देवदाराचे वासे आणि दगड असे थरावर थर रचून केलेली असतात, सिमेंटशिवाय, भिंत जाड, ऊब धरून ठेवते. हल्ली मात्र फळ्या ठोकून वर पत्रा टाकला की झालं रस्टिक, फटीतून वारा शिट्ट्या मारतो. फोटो मागवा, भिंतीचा जवळून. दुसरं, त्या तिकोनी घरांत झोपायची खोली माळ्यावर असते आणि जिना म्हणजे शिडीच. सासूबाई रात्री उतरणार कशा? कमोड आहे का तेही विचारा. जुन्या घरांचे दरवाजे बुटके असतात, उंच माणसाने पहिल्या दिवशी कपाळ जपावं.

केतकी_कोथरूड:
काका, तुमच्यामुळे आत्ताच फोन केला. घर काठकुणीच आहे, आजोबांच्या वेळचं. कमोड आहे. जिना आहे पण खालची खोली देतो म्हणाले, पूर्वी तिथे गाई बांधायचे असंही हसत सांगितलं, ते मी सासूबाईंना सांगणार नाहीये. गरम पाण्याला गीझर आहे, पण लाइट गेली तर अंगणात लाकडांचा हमाम आहे म्हणे, ते काय?

सुगरण_चंदीगड:
हमाम म्हणजे आपला बंबच की! सासूबाईंना बघताक्षणी कळेल, तो त्यांच्या ताब्यात द्या.

मीठमिरची:
खाण्याचं कुणीच बोललं नाही. मेतकूट, भाजके पोहे, सुपाची पाकिटं, आल्याच्या वड्या न्या. फ्लास्क हवाच. ऊन डोंगराआड लवकर जातं, पाचनंतर कुणाची बाहेर पडायची हिंमत होत नाही.

वाटसरू_अंबरनाथ:
मेतकूट लेकासाठी ठीक, पण तिकडे जाऊन पोहे कशाला? घरच्यांनाच सांगा सिड्डू करायला, पण सकाळीच सांगा, कणीक फुगायला वेळ लागतो मग वाफवतात. वर साजूक तूप. फळं, बिस्किटं, औषधं बंजारच्या बाजारात टॅक्सी थांबवून घ्या, वर काही मिळेल याचा भरवसा नाही.

खवचट_काका:
सिड्डूत अक्रोड-खसखशीचं सारण मागा. दुसऱ्या दिवशी नवरा आणि तुम्ही चैहणी कोठी बघून या, उंच मनोरा आहे, १९०५ च्या कांगडा भूकंपात वरचे मजले पडले तरी उरलेला उभा आहे. चढ आहे, सासूबाईंना नको. तिथल्या देवळाच्या आवारात चामड्याचा पट्टा, पाकीट चालतं का विचारून मगच पाय टाका, तिथे देवाचे नियम कडक असतात.

केतकी_कोथरूड:
भारी! शेवटचं एक, ट्रॉली बॅगा चालतील ना?

वाटसरू_अंबरनाथ:
"रस्त्यापासून थोडं वर" म्हणजे दगडी पायऱ्या. चाकं तिथेच ठेवून याल. पाठीवरच्या सॅक घ्या, आणि टॉर्च सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नको.

केतकी_कोथरूड:
ट्रॉली रद्द. नवऱ्याला ढलप्या फोडायची प्रॅक्टिस गच्चीवर सुरू करायला सांगितलीय, सोसायटीवाले काय म्हणतात बघू.