वॉरंटीत बदललेलं इंजिन आणि त्यात घातलेलं ऑइल : आपापले अनुभव लिहा

वॉरंटीत इंजिन बदलून मिळालं, आता पुढे काय? हा प्रश्न ज्याच्यावर येतो त्याला धड माहिती कुठेच मिळत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये "काळजी करू नका, नवं कोरं बसवलंय" एवढंच सांगतात आणि ऑइलबद्दल विचारलं की दहा जणांची दहा मतं. म्हणून ज्यांनी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे त्यांनी लिहावं. इंजिन कशाने गेलं, कंपनीने कोणते कागद मागितले, इंजिनासोबत आणखी काय बदललं, आता कोणतं ऑइल घालता. इंजिन शाबूत आहे पण ऑइल निवडताना खोलात गेलात, तरी लिहा.

सुरुवात मी करते. माझी गाडी पेट्रोलची, वॉरंटी संपायला बराच अवकाश होता. चढावर गाडी लोडवर आली की खालून टकटक ऐकू यायची, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आवाज विरायचा. आधी "टॅपेटचा आवाज आहे, चालतो" असं सांगितलं गेलं. मी चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) उघडून दाखवायला सांगितलं. तळाला उरलेलं ऑइल पांढऱ्या कागदावर पुसलं आणि कागद उजेडात तिरपा धरला, तर सगळीकडे बारीक पूड चमकत होती. ॲडव्हायझरने त्यावर लोहचुंबक फिरवलं. काही चिकटलं नाही, म्हणून तो म्हणाला की लोखंड नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही. तिथल्या वयस्कर मेकॅनिकने त्याला थांबवलं. बेअरिंगचा जो थर क्रँकशाफ्टला (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला) लागून असतो तो ॲल्युमिनियमचा किंवा तांबं, शिसं, कथील अशा धातूंचा असतो. चुंबकाला तो चिकटणारच नाही. पुढे कनेक्टिंग रॉडचंच (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचंच) बेअरिंग खराब निघालं आणि इंजिन मंजूर झालं. चुंबकाला काही लागलं नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर ऐकून घेऊ नका.

*

आमच्याकडे इंजिन मंजूर व्हायला वेळ लागला तो कागदांमुळे. ऑइल मी घरीच बदलतो. कंपनीने पहिल्या दिवसापासूनच्या प्रत्येक ऑइल बदलाचा पुरावा मागितला. माझ्याकडे ऑइलच्या आणि फिल्टरच्या पावत्या होत्या, प्रत्येक वेळी काढलेला ओडोमीटरचा फोटो होता आणि एका वहीत तारीख, किलोमीटर, ग्रेड (ऑइल किती दाट ते सांगणारा आकडा), डब्यावरचा बॅच नंबर लिहिलेला होता. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने वही पान पान उलटून पाहिली. पावत्यांच्या तारखा वहीशी जुळत होत्या, त्यामुळे त्याला हरकत घ्यायला जागा उरली नाही.

ब्रँडबद्दल एक सांगतो. ऑइल कंपनीच्याच नावाचं हवं असं पुष्कळदा सांगितलं जातं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार अशी सक्ती सर्वसाधारणपणे करता येत नाही, ती वस्तू कंपनी फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. बाकी देशांत नियम निरनिराळे आहेत, आपापले बघून घ्या. पण मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड आणि दर्जा पाळणं सगळीकडे बंधनकारकच समजा. ब्रँड आपला, दर्जा त्यांचा, असं धरून चाललं की भांडणाला जागा राहत नाही.

*

"इंजिन बदललं" म्हणजे नेमकं काय बदललं हे विचारा, फार महत्त्वाचं आहे. शॉर्ट ब्लॉक म्हणजे ब्लॉक, क्रँकशाफ्ट, रॉड आणि पिस्टन. लाँग ब्लॉक म्हणजे त्यावर हेड आणि व्हॉल्व्हसुद्धा. शॉर्ट ब्लॉक आला तर तुमचंच जुनं हेड उतरवून नव्यावर चढवतात. काही वेळा नवं इंजिन येतच नाही, कारखान्यात पुन्हा बांधलेलं येतं. त्यात वाईट काही नाही, मात्र जॉबकार्डावर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं.

माझं इंजिन टर्बो पेट्रोल, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा (टर्बो) असलेलं. बेअरिंग गेलं तेव्हा धातूचा कीस ऑइलबरोबर सगळीकडे फिरलेला होता. पहिल्या अंदाजपत्रकात फक्त इंजिन, गॅस्केट आणि फिल्टर होते. मी विचारलं, ऑइल कूलरचं काय? धुऊन घेऊ म्हणाले. कूलरच्या आतल्या वाटा इतक्या अरुंद आणि वळणावळणाच्या असतात की एकदा शिरलेला कीस धुण्याने पूर्ण निघेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. राहिलेला कण सुटला की तो नव्या इंजिनाच्या वाटेला लागणार. तीच गत टर्बोची. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला आधार फक्त ऑइलच्या पातळ थराचा. कीस गेलेलं ऑइल त्याने प्यायलेलं असताना तोच टर्बो नव्या इंजिनाला जोडणं मला पटेना. तांत्रिक विभागाला लेखी विचारलं, "हे दोन भाग न बदलता नवं इंजिन पुन्हा गेलं तर जबाबदारी कोणाची?" उत्तर म्हणून दोन्ही भाग वॉरंटीत मंजूर झाले. टर्बोला ऑइल नेणारी नळीही नवी मागा, ती बऱ्याचदा विसरली जाते.

कीस नेहमी झिजलेल्या भागातूनच येतो असंही नाही. २०२४ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टुंड्रा आणि लेक्सस एलएक्सच्या २०२२-२३ मॉडेलच्या सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या. कारण होतं, इंजिन बनवताना आत राहून गेलेला यंत्रकामाचा कीस. मालकाने ऑइल कितीही जपून बदललं असतं तरी अशा दोषापुढे काय करणार?

*

नोंदणीपत्रावर इंजिन नंबर असतो अशा ठिकाणी राहत असाल तर नवा नंबर नोंदवून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. जुना नंबर, नवा नंबर आणि बदलाचं कारण अशी तिन्ही माहिती असलेलं पत्र सर्व्हिस सेंटरच्या लेटरहेडवर मागून घ्या. माझ्या भावाची गाडी विकताना सौदा याच एका कागदावाचून अडला होता.

*

माझं काम वंगणांचं आहे, म्हणून ग्रेडबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

डब्यावर ०डब्ल्यू-२० असा ग्रेड लिहिलेला असतो, त्यातला डब्ल्यू विंटरचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो, नंतरचा तापलेल्या इंजिनातली. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकात १०० अंश सेल्सियसला २० ग्रेडची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असते, ३० ची ९.३ ते १२.५ आणि ४० ची १२.५ ते १६.३. म्हणजे ३० च्या खालच्या टोकाचं ऑइल आणि २० च्या वरच्या टोकाचं ऑइल यांत फरक जवळजवळ नसतोच. डब्यावरचा आकडा पाहून भांडणाऱ्यांनी ऑइलचं डेटाशीट उघडून पाहावं.

बेअरिंगला खरं राखतो तो वेगळा आकडा. १५० अंशांना, जोरात घासलं जात असताना ऑइल किती दाट राहतं, त्याला एचटीएचएस म्हणतात. २० ग्रेडला तो किमान २.६ लागतो, ५डब्ल्यू-३० ला किमान २.९. एसीईए या युरोपातल्या गाडी उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ दर्जाच्या ऑइलला मात्र किमान ३.५. म्हणून एकाच ५डब्ल्यू-३० नावाखाली दोन बऱ्यापैकी वेगळी ऑइलं विकली जातात. निवडताना मी ग्रेडच्या आधी मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचतो, एपीआय (अमेरिकेतली पेट्रोलियम संस्था) आणि एसीईए यांचा दर्जा आणि गाडी कंपनीची मंजुरी.

पातळ ऑइल वाईट का? सरसकट नाही. पण एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही-८ इंजिनाच्या २०२१ ते २०२४ मॉडेलच्या गाड्या परत बोलावल्या, अमेरिकेतच सुमारे ६ लाख. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टच्या निर्मितीत दोष होता. तपासणीत नापास झालेल्यांना दुरुस्ती किंवा नवं इंजिन. जी पास झाली त्यांना ०डब्ल्यू-२० च्या जागी ०डब्ल्यू-४०, नवा फिल्टर, ऑइलचं नवं झाकण आणि मॅन्युअलमध्ये घालायचं दुरुस्तीपत्र. दाट ऑइल इथे खुद्द कंपनीने सांगितलं आणि लेखी सांगितलं, हे लक्षात घ्या.

*

वरच्या माहितीत भर घालायची नाही, पण तिचा अर्थ "सगळ्यांनी ४० घाला" असा काढू नका ही विनंती. माझं इंजिन बदललं तेव्हा ओळखीच्या गॅरेजवाल्याने आग्रहाने दाट ऑइल सुचवलं, मी मॅन्युअलमधलं ०डब्ल्यू-२० च ठेवलं. आजच्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ ऑइलच्या दाबाने पुढेमागे होते, पंप आणि बेअरिंगमधल्या फटी ठरावीक ऑइल धरून आखलेल्या असतात. काही मॅन्युअलमध्ये जड ओझं किंवा कडक ऊन असेल तर एक पायरी वरचा ग्रेड चालेल असं लिहिलेलं असतं. तुमच्यात लिहिलं असेल तर जरूर घाला. नसेल तर वॉरंटी असेपर्यंत कंपनीचं लेखी उत्तर घेतल्याशिवाय हात लावू नका.

*

डिझेलवाल्यांसाठी. डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) ऑइल कमी झालं तर सगळे बघतात, वाढलं तर कुणी बघत नाही. माझ्या बायकोची गाडी रोज थोडंसंच अंतर धावायची. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, साफसफाई अर्धवट राहिली की त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. पातळी खुणेच्या वर गेली होती आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येत होता. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. सुदैवाने तिने वेळेत ओळखलं, ऑइल बदललं आणि इंजिन वाचलं. तेव्हापासून आठवड्यातून एकदा ती गाडी लांबवर पळवून आणते.

ऑइल कमी राखेचंच घ्या, एसीईएच्या सी गटातलं, त्यातही मॅन्युअलमध्ये दिलेलं. डीपीएफमधली काजळी जळून जाते, ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख मात्र जळत नाही, ती कायमची साठते.

*

छोटं टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन. कमी वेगात वरचा गिअर असताना जोरात ॲक्सिलरेटर दिला आणि एक जबरदस्त ठोका बसला. मग एका सिलिंडरला कॉम्प्रेशनच नाही. उघडल्यावर पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली. ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं, त्याला एलएसपीआय म्हणतात, आणि ऑइलचा त्याच्याशी थेट संबंध आहे हे तेव्हाच कळलं. कॅल्शियमचं प्रमाण जास्त असलेली ऑइलं हा प्रकार वाढवतात, म्हणून आता त्यातलं काही काम मॅग्नेशियमकडे दिलं जातं. एपीआयने यासाठी २०१८ मध्ये एसएन प्लस हा दर्जा आणला आणि २०२० मध्ये एसपी. अशा इंजिनात कपाटात उरलेलं जुन्या दर्जाचं ऑइल संपवायच्या नादी लागू नका, त्याआधीचा फक्त साधा एसएन लिहिलेला डबा मी आता हातात घेत नाही. आणि गाडी ओढत नसेल तर गिअर उतरवा, हे ऑइलइतकंच महत्त्वाचं.

*

नवं इंजिन बसल्यावर मी ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवते. पहिला अहवाल पाहून धसका बसेल, घाबरू नका. सिलिकॉन वर असतं, कारण जोड बंद करायला लावलेल्या सीलंटमधून ते उतरतं. तांबं वर असतं, नव्या ऑइल कूलरमधूनही ते येतं. लोखंड वर असतं, रिंगा बसत असतात. एका अहवालावरून काहीच ठरवता येत नाही, दर बदलाला आकडे उतरत जायला हवेत. पोटॅशियम आणि सोडियम मात्र एकदम वर गेलं तर कूलंट आत येतंय का ते लगेच तपासून घ्या. नमुना गरम ऑइलचा, धार सुरू झाल्यावर मधला घ्यायचा. अगदी पहिला आणि अगदी शेवटचा भाग नको. त्याच वेळी जुना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून बघा, मोठे कण अहवालात दिसत नाहीत, तिथे दिसतात.

आणि नव्या इंजिनावर सुरुवातीला एकाच वेगाने तासन्‌तास जाऊ नका. वेग बदलता ठेवा, पूर्ण ॲक्सिलरेटर टाळा, ओझं ओढायला लावू नका. मॅन्युअलमध्ये किती किलोमीटरपर्यंत ते दिलेलं असतं.

*

माझा दावा सुरुवातीला फेटाळला गेला. कारण दिलं, "ऑइलची पातळी कमी होती, मालकाचं दुर्लक्ष." गाडी ऑइल पीत होती हे मी त्याआधीच तोंडी सांगितलं होतं, पण जॉबकार्डावर कुणी लिहिलं नव्हतं. माझ्या हाती होते ते डिपस्टिकचे फोटो, प्रत्येकात मागे ओडोमीटर दिसेल असे काढलेले, आणि वरून घातलेल्या ऑइलच्या पावत्या. ते वरिष्ठ कार्यालयाला पाठवले तेव्हा कुठे ऑइल खपाची चाचणी करायला तयार झाले. या चाचणीत ऑइल खुणेपर्यंत भरतात, चेंबरचा नट, फिल्टर आणि झाकण यांवर सील किंवा रंगाची खूण करतात आणि ठरावीक अंतरानंतर किती उरलं ते मोजतात. सील करताना समोर उभं राहा, सुरुवातीच्या पातळीचा फोटो घ्या, गाडी सपाट जागेवर आहे ना ते पाहा. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटर खपसुद्धा मर्यादेत धरला आहे, तेव्हा मर्यादा कोणती ते चाचणीआधी लेखी विचारा. माझी गाडी त्या मर्यादेच्या बरीच पुढे गेली आणि लाँग ब्लॉक मिळाला. नव्या इंजिनाला मूळ वॉरंटीतला उरलेला काळ लागू आहे की सुट्या भागांची वेगळी वॉरंटी, हे विचारल्यावर तिथे दोघांनी दोन उत्तरं दिली. मी ईमेलवर उत्तर येईपर्यंत गाडी ताब्यात घेतल्याची सही केली नाही.