अनुभव धागा : खिडक्या आणि अंगणाकडचं दार, राहून पाहिल्यावर काय वाटतं?

कोनाडा :
घराचं काम चौकटींपर्यंत आलंय. दुकानात गेलं की सगळी चर्चा लाकूड, अ‍ॅल्युमिनियम की यूपीव्हीसी यावरच अडकते. झडप उघडते कशी, कुठे, कोणाच्या वाटेत, हे कोणी विचारतच नाही. खिडक्या आणि मागच्या अंगणाकडचं मोठं दार, दोन्ही ठरवायचंय. जे वापरून पाहिलंय तेवढंच लिहा, कॅटलॉग घरात ढीगभर आहेत.

माजघर :
आधीच्या घरात सगळीकडे सरकत्या खिडक्या होत्या, आता बिजागरीच्या आहेत. दोन ट्रॅकची सरकती खिडकी कितीही रुंद करा, वारा अर्ध्याच भागातून येणार. उरलेल्या अर्ध्यात काचेमागे काच. बिजागरीची सताड उघडते. बंद केली की झडप चौकटीतल्या रबरावर दाबून बसते, त्यामुळे धूळ कमी आणि वादळात शिट्टी वाजत नाही. सरकत्या झडपेला हलायला फट लागतेच. तिथे ब्रशची पट्टी लावतात, पण ती रबराइतकी घट्ट बसत नाही.

तरी ओट्यामागची खिडकी मी हट्टाने सरकतीच करून घेतली. ओट्यावरून वाकून झडप बाहेर ढकला, संध्याकाळी पुन्हा वाकून ओढा, हे रोज कोण करणार? आणि जिथून बाहेरच्या बाजूने माणसं जा-ये करतात तिथे बाहेर उघडणारी झडप नकोच. कपाळमोक्ष ठरलेला.

वारापाणी :
सरकतं दार घेणार असाल तर एक गोष्ट बसवतानाच उभं राहून बघा. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाने बारीक भोकं असतात. ट्रॅकमध्ये पाणी येणारच, ते तिथून बाहेर पडायचं असतं. आमच्याकडे पहिल्याच जोराच्या पावसात ट्रॅक काठोकाठ भरला आणि पाणी आतल्या कडेवरून हॉलमध्ये. दार बसवणारा आला, कडेने सिलिकॉन मारून गेला. पुन्हा तेच. शेवटी मेहुणा टॉर्च घेऊन ओणवा झाला तर भोकांत सिमेंट सुकून बसलेलं! विणायच्या सुईने एकेक टोकरून काढलं, तांब्याभर पाणी ओतलं, तर बाहेर सुरेख धार लागली. आता पावसाळ्याआधी ट्रॅक झाडून घेतो. दाराला दोष नाही, दार उत्तम आहे.

सांधा :
या धंद्यात आहे म्हणून थोडं काचेबद्दल. 'आवाज येतो, डबल ग्लेझिंग करा' असं सरसकट सांगतात. दोन काचांमधली बंद हवा मुख्यतः उष्णता अडवते. आवाजासाठी दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या घ्या, म्हणजे उदाहरणार्थ ६ आणि ४ मिमी. सारख्या जाडीच्या काचा एकाच सुराच्या आवाजाला थरथरतात, तो आवाज आत येतो. एक काच लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा पातळ थर चिकटवलेली, असली तर आणखी चांगलं. आणि चौकटीभोवती फट राहिली तर हे सगळं पाण्यात.
दाराला टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली) किंवा लॅमिनेटेडच काच लावा. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, म्हणून मापं गिलावा झाल्यावर घ्यायची, नकाशावरून नाही.

पायरी :
आमच्याकडे घडीचं दार आहे, बायफोल्ड. पाहुणे येतात, सगळं दार बाजूला होतं, वाहवा होते. एरवी ते बंदच असतं आणि बंद असताना समोर उभ्या चौकटींची रांग दिसते. सरकत्या दारात काचा मोठ्या, अंगण सलग दिसतं. शिवाय घडी झालेल्या झडपा उभ्या राहायला एका कडेला जागा सोडावी लागते. तिथे कुंडीसुद्धा ठेवता येत नाही. आम्ही बाहेर बसण्यापेक्षा आतून बाहेर बघतो जास्त. हे आधी स्वतःला विचारा, मग दार ठरवा.

माजघर :
पायरी, अगदी! कोनाडा, पश्चिमेला मोठी काच करताय का? वर छज्जा असला तरी उपयोग नाही, मावळतीचं ऊन खालून तिरपं येतं. बाहेरून काहीतरी आडोसा लागतो. आतले पडदे लावेपर्यंत उष्णता काचेतून आत आलेली असते.

कोनाडा :
दार नेमकं पश्चिमेलाच आहे. आणि सासूबाई वॉकर घेऊन चालतात, त्यामुळे उंबरा जवळजवळ सपाट हवाय.

सांधा :
सपाट उंबरा होतो, पण मग पाणी थांबवायचं काम दाराचं राहत नाही, अंगणाचं होतं. फरशीला दारापासून बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि दारालगत पूर्ण रुंदीची जाळीची मोरी काढा. फरशीवाल्याला हे आत्ताच सांगा, अंगणाची पातळी ठरल्यावर काही करता येत नाही.